हातात हात असताना मेंदू काय करतो?

छावणीतला जवान सीमेवर गेला की मागे राहिलेल्या बायकोची झोप उडते. यामागे काय असावं, याचा धागा अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांच्या २००६ सालच्या प्रयोगात सापडतो. १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून विजेचा झटका बसण्याचा इशारा दिला. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ बरीच ओसरली. अनोळखी हाताने थोडीच. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं: संसार जितका समाधानाचा, तितका मेंदू अधिक निवांत. कोन यांच्या मते मेंदू जवळचं माणूस सोबत आहे असं धरूनच चालतो. ते नसलं, की पहारा त्याला एकट्याने द्यावा लागतो.