टाके निघाल्यानंतरचं वर्ष

दिवाळीच्या मागेपुढे यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी फुटते आणि सकाळच्या गारव्यातच बाया वावरात उतरतात. साडीवर घरधन्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, कमरेला ओटी. कापूस मऊ असतो, पण तो ज्या बोंडात बसलेला असतो त्याची वाळलेली टोकं बोटांना, नखांच्या कडांना, मनगटाला टोचत राहतात. संध्याकाळपर्यंत हातावर बारीक ओरखड्यांची जाळी उमटते आणि तिच्याकडे कोणी बघतही नाही.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईला मात्र त्या ओरखड्यांकडे बघावं लागतं. छातीवरच्या वणाचा आणि वेचणीच्या हाताचा संबंध फार जवळचा आहे.

भारतात २०२२ साली स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण कॅन्सर म्हटलं की अनेक घरं सेवाग्रामची किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलची वाट धरतात. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. उमरखेड-पुसदकडच्या बाईला त्याहून कितीतरी लांब. एवढ्या अंतरावर दर वेळी जायचं म्हणजे एका माणसाची मजुरी बुडते. साहजिकच गाठ काढली का, केमो कधी, रेडिएशनचे शेक किती, या तारखांच्या गर्दीत वणाची गोष्ट मागे पडते. टाके निघाले, जखम मिटली, आता देवाची कृपा, असं म्हणून घर मोकळं होतं.

खरं तर वरची कातडी तेवढी मिटलेली असते. आत शरीराने घाईघाईने कोलॅजनचे तंतू टाकलेले असतात, फाटलेल्या पोत्याला जसा दिसेल तिकडून दाभण मारावा तसे. मग वर्ष-दीड वर्ष हे तंतू विरघळतात, नव्याने बनतात आणि ओळीला लागतात. तीन महिन्यांत वणाला मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्के ताकद येते. पूर्ण ताकद कधीच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वण आधीपेक्षा लाल, ताठ आणि खाजरा झालेला दिसतो. अनेक जणी इथेच घाबरतात. पण हा त्या आतल्या कामाचाच भाग असतो आणि पुढे तो हळूहळू फिकट, मऊ होत जातो.

मात्र हे तंतू आडवेतिडवेही चिकटतात. स्तन पूर्ण काढला असेल तर कातडीखाली थेट स्नायू आणि बरगड्या येतात, आणि वण तिथे धरून बसतो. छाती आवळल्यासारखी वाटते. बाई नकळत खांदा पुढे झुकवते, हात अंगाला चिकटवून ठेवते. दुखतं म्हणून हलवत नाही, हलवत नाही म्हणून आखडतं, आणि काही आठवड्यांतच मागे वेणी घालायलाही हात पोचेनासा होतो. वणाची काळजी म्हणजे सुंदर दिसण्याची हौस, हा समज इथेच सोडायला हवा. ज्या घरात दोन्ही हात चालले तरच चूल पेटते, तिथे हा पोटाचा प्रश्न आहे.

उपाय महागडे नाहीत. जखम पूर्ण मिटलेली, खपली पडलेली, कुठूनही पाणी येत नसलेलं, अशी अवस्था साधारण तीन-चार आठवड्यांनी येते. तेव्हा डॉक्टरांना विचारून मालीश सुरू करायची. हात स्वच्छ धुवायचे, बोटांवर खोबरेल तेलाचे दोन थेंब घ्यायचे, वास असलेलं मलम नको. दोन बोटं वणावर टेकवून ती कातडीवरून घसरू द्यायची नाहीत. खालची कातडीच बोटांबरोबर हलली पाहिजे. आधी गोल, मग वणाच्या लांबीने, मग आडवं. दाब इतकाच की बोटाखालची कातडी पांढुरकी व्हावी, कळ येऊ नये. पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, काही महिने. शेक चालू असेल आणि कातडी लाल किंवा सोललेली असेल, तर थांबायचं आणि तिथल्या डॉक्टरांचं ऐकायचं.

पहिल्या दिवशी बोट टेकवणंच सगळ्यांत अवघड असतं. तिथे काही जाणवत नाही, किंवा भलतंच जाणवतं. नसलेल्या स्तनालाही खाज सुटते. हा भ्रम किंवा वेडेपणा नव्हे. मज्जातंतू कापले गेले तरी मेंदूतला शरीराचा नकाशा तसाच राहतो. शिवाय एका खोलीच्या घरात, जिथे आरसा म्हणजे भिंतीवरचा हातभर तुकडा, तिथे पदर बाजूला करून दहा मिनिटं बसायला जागा कुठली? ती जागा आणि ती दहा मिनिटं घरच्यांनी तिला मिळवून दिली पाहिजेत. औषधाइतकीच ती तिच्या हक्काची आहेत.

सावळ्या कातडीत वण फुगण्याची प्रवृत्ती जास्त असते. वण जखमेच्या रेषेतच उंच झाला तर तो सहसा वेळेने बसतो. रेषा ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत पसरू लागला तर तो केलॉइड. छातीच्या मधल्या भागाला त्याची विशेष ओढ. त्यावर त्वचारोगतज्ज्ञ वणातच स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, आणि ते जितकं लवकर तितकं बरं. जखम मिटल्यावर सिलिकॉनची पातळ पट्टी दिवसातले बारा तास किंवा जास्त, दोन-तीन महिने लावली तर वण सपाट राहायला मदत होते. ही पट्टी धुऊन पुन्हापुन्हा वापरता येते. मात्र यवतमाळच्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात तिच्याखाली घामोळं येतं, म्हणून ती काढून जागा कोरडी करत राहायला हवं. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून लावण्याची सवय मात्र सोडावी. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात त्याने वण सुधारला नाही, उलट सुमारे एक तृतीयांश जणांना त्या जागी पुरळ आलं. ओल्या जखमेवर हळद, राख, पाल्याचा लेप यांपैकी काहीच नको. जंतू शिरले तर पुढची केमो लांबते.

हातासाठी भिंत पुरे. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, जिथे ओढ बसते तिथे थोडं थांबायचं आणि त्या जागी कोळशाने रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी रेघेच्या वर एक बोट. चांगल्या हाताचीही एक रेघ आधीच मारून ठेवली तर कुठे पोचायचं ते रोज डोळ्यांसमोर राहतं. ऑपरेशनच्या जागी पाणी काढायला बसवलेली नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं बरेच सर्जन सांगतात. नळी निघाली की हा व्यायाम रोजचा. काखेतून कोपराकडे सुतळीसारखी ताठ दोरी हाताला लागली तरी भिऊ नये. ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका-गाठी काढल्यावर अशा दोऱ्या बऱ्याच जणींना येतात आणि ताणाच्या व्यायामाने बहुधा सुटतात.

काखेतल्या गाठी काढल्यामुळे हातातला लसिकाद्रव वाहून नेणारी वाट अरुंद होते. सगळ्या गाठी काढलेल्या साधारण पाचांतल्या एकीला पुढे कधीतरी हाताची सूज येते. बोंडाच्या एका ओरखड्यातून जंतू शिरले तर तीच सूज लाल, गरम होते, ताप भरतो. हे दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. बाजाराच्या दिवसाची वाट बघायची नाही. दंडाची आतली बाजू बधिर असेल तर चुलीवरच्या तव्याचा चटका लागलेला कळतही नाही, म्हणून संध्याकाळी हात डोळ्यांनी तपासायचा.

याच सुजेच्या धाकाने पूर्वी सरसकट सांगितलं जायचं की आता आयुष्यभर या हाताने वजन उचलायचं नाही. मजूर बाईला हा सल्ला पाळता येतच नाही, आणि तो पुराव्यावरही टिकलेला नाही. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉ. डॉन मॅकेंझी यांनी ऑपरेशन झालेल्या २४ बायकांना लांब नावेत बसवून वल्हवायला लावलं; कोणाचाही हात सुजला नाही. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला अभ्यास त्याहून पक्का. आधीच हात सुजलेल्या १४१ बायकांपैकी ज्यांना देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वजन उचलायला शिकवलं, त्यांची सूज वाढली नाही आणि तिचे उसळण्याचे प्रसंग कमी झाले. सगळी गोम त्या 'टप्प्याटप्प्याने' मध्ये आहे.

रोजच्या मालीशचा आणखी एक फायदा बोलला जात नाही. आपल्या वणाची प्रत्येक गाठगुठळी बोटांना पाठ होते. मग कधी रेषेवर किंवा शेजारी ज्वारीच्या दाण्याएवढं नवं, कडक काही लागलं, तर ते पहिल्यांदा तिलाच कळतं. आजार परतण्याची एक जागा वण हीच असते, तेव्हा असा दाणा पुढच्या तारखेपर्यंत ठेवायचा नाही.

पोलक्यात काय घालायचं हा प्रश्नही उरतोच. बाजारातला सिलिकॉनचा कृत्रिम स्तन महाग आणि उन्हाळ्यात जड. मुंबईची 'साईशा इंडिया' ही संस्था सुताचे विणलेले हलके स्तन मोफत देते. गावातल्या शिंप्याकडून सुती खोळ शिवून घेऊन त्यात थोडी मोहरी आणि कापूस भरला तरी दोन्ही बाजूंचा तोल साधतो. मात्र शिवण वणावर येऊ द्यायची नाही आणि पट्टा रुतू द्यायचा नाही.

आणि वेचणी? हात भिंतीवरच्या चांगल्या हाताच्या रेघेपर्यंत पोचला, शेक संपला, डॉक्टरांनी हो म्हटलं की वावरात जाता येतं. पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस, ओटी अर्धीच भरायची आणि पुन्हापुन्हा रिकामी करायची. कापसाचं गाठोडं दुसऱ्या कोणी उचलायचं. नुकत्याच फवारलेल्या वावरात जायचं नाही. हात जड वाटला तर बांधावर बसून तो उशीवर ठेवल्यासारखा उंच ठेवायचा. शर्ट तोच जुना, फुलबाह्यांचा, फक्त त्या हाताची बाही आता वर दुमडायची नाही. तिचं बटण मनगटाशी लावायचं, आणि तुटलं असेल तर आदल्या रात्री शिवून घ्यायचं.