टेपवरचा विक्रम
(खेळ आणि माहितीपट : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण आयोवा राज्यातल्या ऑटम्वा या गावी थांबलो होतो. वॉल्टर डे यांनी १९८१ मध्ये तिथे ‘ट्विन गॅलक्सीज’ नावाचं व्हिडिओ गेम पार्लर काढलं आणि कुठल्या मशीनवर कोणी किती गुण केले, याची देशभरची नोंद ठेवायला लवकरच सुरुवात केली. त्या नोंदवहीवरून पेटलेलं सर्वांत गाजलेलं भांडण सेथ गॉर्डन यांच्या ‘द किंग ऑफ काँग’ या २००७ च्या माहितीपटात आहे.

एका बाजूला फ्लोरिडाचा बिली मिचेल. त्याने १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’वर ८,७४,३०० गुण केले होते. दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडचा स्टीव्ह वीबी. त्याची नोकरी गेली होती, पुढे तो शाळेत विज्ञान शिकवू लागला, आणि घरच्या गॅरेजमध्ये जुनं मशीन ठेवून, शेजारी कॅमेरा लावून तो तासन् तास खेळायचा. अशाच एका चित्रणात आतून त्याचा लहान मुलगा हाका मारतोय आणि बापाला हात सोडता येत नाहीये. मुलाची कीव येते आणि बापाचीही.

एवढं अडतं कुठे, हे समजायला खेळ समजून घ्यायला हवा. निंटेंडोने १९८१ मध्ये आणलेल्या या खेळात वर बसलेला गोरिला पिंपं सोडतो आणि खालून मारिओ शिड्या चढत जातो. पिंपावरून उडी मारली की १०० गुण. हातोड्याने फोडलं तर ३००, ५०० किंवा ८००, पण यांतले किती पडतील ते नशिबावर. नवखा खेळाडू जीव वाचवायला धडपडतो. मुरलेला मुद्दाम रेंगाळतो, कारण खेळाला शेवट आहे हे त्याला ठाऊक असतं.

हा शेवट कोणी ठरवून ठेवलेला नाही, तो हिशेबाच्या चुकीतून आला. प्रत्येक फेरीला बोनसचं घड्याळ उलटं धावतं. ते कितीपासून सुरू करायचं हे काढताना मशीन पातळीच्या आकड्यात ४ मिळवतं आणि बेरजेला १० ने गुणतं. पहिल्या पातळीला ५० येतात, म्हणजे ५,००० चा बोनस. चौथ्या पातळीनंतर तो ८,००० वर थांबवलेला आहे. बाविसाव्या पातळीला मात्र गुणाकार २६० होतो, आणि त्या काळच्या चिपच्या एका कप्प्यात २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. २५६ गळून पडतात, उरतात ४. घड्याळ ४०० वर सुरू होतं, काही सेकंदांत संपतं आणि मारिओ जागीच कोसळतो. खेळाडू याला ‘किल स्क्रीन’ म्हणतात. म्हणून सारं कसब त्याआधी प्रत्येक फेरीतून जास्तीत जास्त गुण पिळून घेण्यात आहे.

वीबीने दहा लाखांचा टप्पा ओलांडल्याची टेप पाठवली. ट्विन गॅलक्सीजची माणसं त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन मशीन उघडून पाहून आली. आतला सर्किट बोर्ड मिचेलशी जुनं वैर असलेल्या माणसाकडून आलेला निघाला आणि तो विक्रम नाकारला गेला. वीबी मग देश ओलांडून न्यू हॅम्पशायरमधल्या फनस्पॉट पार्लरला गेला. तिथे चारचौघांसमोर खेळत, किल स्क्रीन गाठत त्याने ९,८५,६०० गुण केले. आणि तिथेच मिचेलची टेप येऊन पोहोचली : १०,४७,२००. मिचेल स्वतः आलाच नाही, तरी ती टेप मान्य झाली.

मला हा प्रसंग खेळापेक्षा न्यायाचा वाटतो. एकाच्या टेपला मशीनची झडती आणि दुसऱ्याच्या टेपला टाळ्या, हे मला आजही खटकतं.

पुढे २०१८ मध्ये त्याच टेपच्या चित्रांची बारकाईने तपासणी झाली. मूळ मशीन नवी फेरी पडद्यावर उमटवतं त्याची एक ठरावीक रीत असते. संगणकावर त्याच खेळाची नक्कल चालवणाऱ्या ‘मेम’सारख्या प्रोग्रॅममध्ये ती निराळी दिसते. टेपमधला खेळ मूळ, फेरफार न केलेल्या मशीनवरचा नाही, असा निष्कर्ष काढून ट्विन गॅलक्सीजने मिचेलचे सगळे विक्रम काढून टाकले. दहा लाखांच्या पार पहिला गेला तो वीबी, हेही तेव्हा मान्य झालं. मिचेलने आरोप फेटाळले आणि तो कोर्टात गेला. गिनेसने २०२० मध्ये त्याचे विक्रम परत दिले, तर २०२४ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड होऊन ट्विन गॅलक्सीजनेही त्याचे गुण ऐतिहासिक नोंदींत पुन्हा ठेवले.

पण चित्रपट हीही शेवटी एक टेपच, आणि तिचीही झडती घ्यायला हवी. मिचेलचा १९८२ चा आकडा वीबीच्या आधीच, २००० मध्ये, तिसऱ्याच एका खेळाडूने मागे टाकला होता. चित्रपटात त्याचा पत्ताच नाही, कारण दोघांच्या लढतीत तिसरा मावत नव्हता. गॉर्डन यांच्या संकलनावर माझा हा खरा आक्षेप आहे. प्रामाणिक वीबीच्या बाजूने उभं राहायला त्यांना हे वगळण्याची गरज नव्हती.

तरीही चित्रपट जरूर पाहा, आणि फनस्पॉटचा प्रसंग दोनदा पाहा. पहिल्यांदा वीबीच्या हातांकडे. दुसऱ्यांदा टेप लागल्यावर तिच्याभोवती जमलेल्यांच्या चेहऱ्यांकडे. त्यांतल्या कित्येकांनी वीबीला खेळताना नुकतंच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं.