दाताचा दवाखाना चालवायचा, तर जिल्हा ओळखा

दाताचा दवाखाना हा एका अर्थाने कारागिराचाच धंदा आहे. खुर्ची, कॉम्प्रेसर, हत्यारे यांत भांडवल अडकते आणि कमाई हाताच्या कसबावर होते. दिवसभर रुग्णाच्या तोंडात वाकून काम केले की हिशेब, उधारी, साठा पाहायला वेळ उरत नाही. हात चांगला असूनही धंदा अडतो तो इथेच.

चंद्रपूर-गडचिरोलीत तर नजर आणखी लांब न्यावी लागते. येथे पैसा हंगामाने येतो. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यानंतर धान. रोवणीच्या दिवसांत खुर्ची रिकामी राहते. म्हणून त्या महिन्यांचे भाडे, पगार आणि बँकेचा हप्ता आधीच बाजूला काढावा. दुसरी गोष्ट अंतराची. सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटर. तिकडच्या मजुराला चार फेऱ्या सांगितल्या, तर उपचार अर्धाच राहतो. शक्य ते काम एका बैठकीत उरकले, तर त्याची मजुरी वाचते आणि गिऱ्हाईकही टिकते.

गडचिरोलीत १९८६ पासून 'सर्च' ही संस्था चालवणारे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधण्यापूर्वी आदिवासींना विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातलगांना सोबत राहू देत नाहीत, असे लोक म्हणाले. मग शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा उभा राहिला आणि त्याला लोकांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. गिऱ्हाइकाला आधी विचारावे, ही गोष्ट कुठल्याही दुकानाला लागू आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. एकाच गावातील मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले, तर दोष ब्रशचा नसून विहिरीचा असू शकतो. ते ग्रामपंचायतीला कळवावे. तोंड पुरते उघडत नाही असा तरुण आला, तर खर्ऱ्याची चौकशी करावी. नुसत्या सुपारीनेही गाल आतून आखडतात आणि पुढे कॅन्सरचा धोका असतो. अशा रुग्णाचे नुसते दात साफ करून पैसे घेणे सोपे आहे. त्याला वेळीच नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात पाठवणारा डॉक्टर त्या दिवशीची फी गमावतो, पण गावाचा भरवसा कमावतो.

वाचकहो, आपल्यापैकी काहींचे पानठेले आहेत. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली, २०१६ साली गडचिरोलीत 'मुक्तिपथ' अभियान सुरू झाले, तरी खर्रा घोटला जातोच. ठेल्यावर आज नफा देणारा तरुण उद्या दंतवैद्याच्या खुर्चीत बसतो, आणि बहुधा तो आपल्याच मोहल्ल्यातला असतो. मालाची निवड आज बदलता येते. चहा, फळे, किराणा यांत नफा थोडा कमी असेल, पण गिऱ्हाईक वर्षानुवर्षे येत राहील.