आठवड्याची बैठक

विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) वेळोवेळी बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करतो. आपल्याकडे ती वाचताना लोक आधी महाराष्ट्रातलं नाव शोधतात, आणि तिथे बरीच वर्षं नागपूरचं एक नाव ठाण मांडून होतं. मी अडकलो ते आंध्र प्रदेशातल्या नोंदींपाशी. विशाखापट्टणमची ‘बायबल ओपन युनिव्हर्सिटी ऑफ इंडिया’ आणि गुंटूरची ‘ख्राइस्ट न्यू टेस्टामेंट डीम्ड युनिव्हर्सिटी’. धर्मशिक्षणाची पदवी घरबसल्या मिळवायची असेल, तर खरी कोणती आणि खोटी कोणती, हे ठरवतं कोण? संपादकांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘शोधा आणि लिहा.’

कायद्याचं उत्तर दोन ओळींत संपतं. 1956च्या यूजीसी कायद्याच्या कलम 22नुसार पदवी द्यायची ती केंद्राच्या, प्रांताच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाने, अभिमत विद्यापीठाने किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेने. ख्रिस्ती धर्मशिक्षणात या चौकटीशी जुनं नातं सांगणारं ठळक नाव म्हणजे बंगालमधलं सेरामपूर. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी तिथे 1818 साली कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. 1827 साली डॅनिश राजा सहावा फ्रेडरिक याने कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. पुढे 1918च्या बंगाल कायद्याने त्या सनदेला पक्का आधार दिला. हेच ते विल्यम कॅरी, ज्यांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली आणि 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं. आज देशभरातल्या अनेक सेमिनरी, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या संस्था, सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत.

पण सेमिनरीत जायचं म्हणजे काही वर्षं घर सोडायचं. ज्याच्या डोक्यावर संसार आहे आणि खेड्यातली मंडळी, म्हणजे तिथलं चर्चही, ज्याच्याच भरवशावर चालतं, त्याने काय करावं? या प्रश्नाचं उत्तर ग्वाटेमालात सापडलं.

तिथल्या प्रेसबिटेरियन सेमिनरीने 1962च्या सुमारास आपला हिशेब मांडला, तेव्हा पंचवीस वर्षांच्या खटाटोपातून प्रत्यक्ष काम करणारे पाळक निघाले होते फक्त 10. त्या वेळी वसतिगृहात विद्यार्थी 6 आणि मंडळ्या सुमारे 200. त्या मंडळ्या चालवणारी माणसं शेतकरी, दुकानदार, कारागीर होती आणि शिकायला कुठे जाणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून 1963पासून राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि नंतर रॉस किन्सलर यांनी सेमिनरीच त्यांच्या गावी न्यायला सुरुवात केली. शिक्षक ठरलेल्या दिवशी केंद्रावर जात, आधी दिलेल्या धड्यावर चर्चा करून परत येत.

पहिला अडथळा पुस्तकांचाच आला. वर्गातली पुस्तकं जशीच्या तशी हाती दिली, तर एकट्याने वाचून कुणाला काही उमगेना. मग तेव्हा अमेरिकेत गाजत असलेली ‘प्रोग्रॅम्ड’ पाठांची पद्धत कामी आली. दोन-चार वाक्यांचा एक चौकोन, त्याखाली प्रश्न, आणि लिहिलेलं उत्तर लगेच ताडून पाहायची सोय. चुकलं की मागे जायचं, बरोबर आलं की पुढचा चौकोन. या सगळ्या प्रकाराला ‘थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन’, म्हणजे टीईई, हे नाव पडलं. 1971 साली बंगळुरात ‘टॅफ्टी’ ही संस्था निघाली आणि ही पद्धत भारतात रुजू लागली.

टीईईचे तीन भाग. घरचा अभ्यास, रोजचं काम आणि या दोन्हींना जोडणारी ठरावीक दिवसाची बैठक. टेड वॉर्ड या शिक्षणतज्ज्ञाने या रचनेला कुंपणाची उपमा दिली होती: अभ्यास आणि काम हे दोन आडवे बांबू, बैठक हा मधला खांब. खांब काढला की बांबू आपापल्या वाटेने जमिनीवर. मला या पद्धतीत सर्वांत चिवट वाटला तो हा खांबच.

पुण्यातल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत अशी बैठक भरते. घेणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, आणि मानधन विचारलं तर ते चहाच्या थर्मासकडे बोट दाखवतात. त्या संध्याकाळचा धडा क्षमेवर होता. इस्पितळात नर्स असलेल्या एका ताईंनी वहीतले सगळे चौकोन अचूक भरले होते. सरांनी वही पाहिली आणि मिटली.

‘उत्तरं बरोबर आहेत. आता तुमच्या मंडळीतल्या त्या दोन भावांचं सांगा. शेताच्या बांधावरून बोलत नव्हते ना?’

‘अजून नाही बोलत, सर.’

‘मग हे उत्तर त्यांच्या दारात कसं न्यायचं?’

पुढचा वेळ त्यातच गेला. धाकट्याला आधी गाठावं की थोरल्याला, पाळकांना मध्ये घ्यावं की नको, मोजणी होईपर्यंत क्षमेचं नाव काढावं का. प्रत्येकाने आपल्या गावचा दाखला दिला. सरांनी स्वतःच्या वहीत एकच ओळ लिहिली: ताई थोरल्या भावाकडे जाणार. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच. त्या वहीत गुणांचा रकाना नाही.

आता मूल्यांकनाकडे वळू. भारतातल्या अनेक इव्हँजेलिकल संस्थांची तपासणी 1970 साली स्थापन झालेली एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन करते. तिच्यासारख्या संघटनांचा जागतिक मंच 1980 साली उभा राहिला; तो आता आयसीईटीई म्हणून ओळखला जातो. रीत अशी. संस्थेने स्वतःचा अहवाल लिहायचा, बाहेरच्या प्राध्यापकांच्या पथकाने भेट द्यायची, शिफारशी करायच्या आणि ठरावीक मुदतीची मान्यता द्यायची. यात चांगली नियत नसते असं नाही. पण पथकासमोर जे ठेवता येतं तेच तपासलं जातं: शिक्षकांच्या पदव्या, ग्रंथालय, अभ्यासक्रम, उत्तरपत्रिका, हिशेब. सरांची वही कोणत्या फाइलमध्ये लावायची?

इथून अडचणींची रांग लागते.

पहिली अडचण मान्यतेची. चर्चच्या जगात चालणारी मान्यता आणि सरकारदरबारची मान्यता या वेगळ्या गोष्टी आहेत. असोसिएशनने मानलेली पदवी मंडळीत प्रतिष्ठेची असते; सरकारी नोकरीच्या अर्जात मात्र यूजीसीला मान्य असलेली पदवी लागते. प्रवेश घेताना हा फरक विद्यार्थ्याला स्पष्ट सांगायला हवा. तो माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ढकलला गेला, तर दोष निव्वळ छपाईचा राहत नाही.

दुसरी अडचण नकली मान्यतेची. बनावट विद्यापीठ निदान सरकारच्या यादीत सापडतं. पण बनावट मूल्यांकन संस्थाही असतात. भारदस्त नाव, सोनेरी शिक्का आणि पैसे भरताच प्रमाणपत्र. नावापुढे ‘डॉक्टर’ लावायची हौस पाळकांनाही असते, आणि मानद डॉक्टरेटचे झगे भाड्याने मिळतात. म्हणून ‘मान्यता आहे का’ एवढं विचारून भागत नाही. मान्यता देणाऱ्याला कोणी मान्यता दिली, हेही विचारावं लागतं.

तिसरी अडचण पडद्याची. टाळेबंदीत बैठका मोबाइलवर गेल्या आणि बऱ्याच तिथेच राहिल्या. दूरच्या गावातल्या पाळकाला त्याचा फायदा झाला, हे नाकारता येत नाही. पण कॅमेरा बंद ठेवून हजेरी लागते, आणि प्रश्नाचं गुळगुळीत उत्तर आता यंत्रही लिहून देतं. जी पद्धत कोऱ्या चौकोनात स्वतः उत्तर लिहिण्यावर उभी राहिली, तिला हा घाव वर्मी लागतो.

चौथी अडचण सर स्वतः. ते सत्तरीच्या पुढे गेलेत. त्यांच्या जागी कोण? मान्यतेसाठी शिक्षक पदव्युत्तर हवा म्हटलं, तर त्याचा पगार लहान मंडळीला झेपत नाही. पदवीची अट सोडली, तर पथक शेरा मारतं. आणि संस्था खर्च कमी करायला निघाली की पहिली कात्री बसते ती बैठकीला, कारण पुस्तकं छापून झालेली असतात, परीक्षा टाळता येत नाही. प्रवासखर्च तेवढा टाळता येतो. बैठक गेली की उरतो निव्वळ पत्राद्वारे चालणारा अभ्यासक्रम. कागद मात्र तेवढेच राहतात आणि कदाचित मान्यताही टिकते.

म्हणून पथकांनी ग्रंथालयातली पुस्तकं मोजावीत, जरूर मोजावीत. पण निदान एका संध्याकाळी न कळवता एखाद्या बैठकीला जाऊन बसावं, आणि सहा महिन्यांनी त्या मंडळीत जाऊन विचारावं की शिकलेल्या माणसाने इथे काय केलं. या तपासणीला खर्च येईल, वेळ जाईल आणि निकाल टक्क्यांत मांडता येणार नाही. तरीही ग्वाटेमालाच्या त्या सेमिनरीने स्वतःची परीक्षा अशीच घेतली होती. कामावर किती माणसं उभी आहेत, एवढंच तिने मोजलं. उत्तर 10 आलं आणि तिने आपली रीत बदलली.