गाडी हळू चालवली, हा काय गुन्हा झाला?

मैत्रिणींनो, नवी गाडी दारात आली की नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं, पेढे वाटले जातात. सहा महिन्यांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, की बोल कुणाला लागतो? ‘बाईच्या हातात गाडी, दुसरं काय होणार!’ भंडारा असो, तुमसर असो की साकोली, वाक्य तेच.

सध्या नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट अशा आखूड पण उंच गाड्यांची हौस आहे. सासू-सासऱ्यांना चढायला-उतरायला सोपं, खड्ड्यांची भीती कमी. त्यात ‘डिझेलचीच घ्या, ॲव्हरेज चांगलं’ असं सांगणारे दहा जण भेटतात. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत एक गाळणी बसली. तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी अडवते. चांगलंच आहे ते. ही काजळी एरवी आपल्या पोरांच्या छातीत जायची.

गाळणी भरत आली की आतली काजळी जाळावी लागते आणि त्याला सुमारे ६०० अंश उष्णता लागते. इंजिन त्यासाठी आपणहून जास्तीचं डिझेल सोडतं. पण गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात धावली तरच हे काम पुरं होतं. कोळशाची शेगडी आठवा. नीट फुलली की धूर नाही. अर्धवट पेटली की घरभर धूर!

आता आपला दिवस बघा. सकाळी शाळा, मग भाजीबाजार, दुपारी बँक, संध्याकाळी शिकवणी. एकेक फेरी दोन किलोमीटरची. इंजिन तापतं न तापतं तोच किल्ली बंद. काजळी साठत जाते आणि न जळलेलं डिझेल इंजिनच्या तेलात उतरून तेल पातळ करतं. पट्टीवर तेल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, वर्कशॉप गाठा.

आमच्या शेजारच्या वहिनींची गाडी याच कारणाने तीनदा वर्कशॉपात गेली. ‘मॅडम, तुम्ही फार हळू चालवता,’ असं ऐकून त्या बिचाऱ्या गप्प झाल्या, आणि घरी किल्ली काढून घेतली गेली ती वेगळीच. बोलणं खोटं नव्हतं हो. पण गाडी विकताना कुणी विचारलं होतं का, रोज किती आणि कुठे चालणार म्हणून? शाळेसमोरून काय ऐंशीच्या वेगाने न्यायची? रोजचं चालणं गावातल्या गावातच असेल, तर पेट्रोलची गाडी बरी, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं.

डिझेलची घेतलीच असेल, तर आठवड्यातून एकदा महामार्गावर काढा. लाखनी-साकोलीकडे नाहीतर नागपूरच्या बाजूला, एका लयीत पंचवीस मिनिटं. (माहेर त्या वाटेवर असेल तर दुधात साखर!) घरी पोचल्यावर पंखा जोरात फिरतोय, जळकट वास येतोय, असं वाटलं तर काजळी जळते आहे असं समजा आणि जमलं तर आणखी एक फेरी मारा. तेल पुस्तिकेत लिहिलेलंच घाला; भलत्या तेलाची राख गाळणीत बसते ती जळत नाही. पिवळ्या दिव्याकडे काणाडोळा केला तर गाडीची ताकद कमी होते आणि शेवटी गाळणीच बदलावी लागते. ती फार महाग पडते. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला तर मात्र गाडी जागीच बंद करा.

आणि हो, वर्कशॉपात नुसतं तोंडी बोलू नका. दर वेळी तक्रार आपल्या शब्दांत जॉबकार्डावर लिहून घ्या, प्रत घरी जपून ठेवा. दाद लागली नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला भंडाऱ्यातच. वकील लागतोच असं नाही. दोन वर्षांची मुदत असते. ती पहिल्या जॉबकार्डाच्या तारखेपासून धरून चाला.