वृद्ध वाहनचालक आणि सीटबेल्ट

साठी उलटलेले, स्वतः मोटार चालविणारे काही रुग्ण आमच्याकडे एक निराळीच मागणी घेऊन येतात: ‘सीटबेल्ट सोसत नाही, तसा दाखला द्या.’ कोणाचा खांदा अवबाहुकाने आखडलेला असतो, कोणास पेसमेकर बसविलेला असतो, तर कोणाच्या उदराची शस्त्रक्रिया झालेली असते. दाखल्याने हजार रुपयांचा दंड कदाचित टळेल, आघात टळणार नाही. म्हणून पट्टा सुसह्य कसा होईल हेच वैद्याने पाहावे, असे आमचे मत आहे.

१९५९ साली निल्स बोलिन यांनी मोटारीत आणलेल्या त्रिबिंदू पट्ट्याचे तत्त्व सरळ आहे. आघाताचा भार जत्रु, उरोस्थी व श्रोणी या बळकट अस्थींनी पेलावा, मृदू उदराने नव्हे. सुश्रुताचार्यांनी नाभी व बस्ती ही सद्यःप्राणहर मर्मांत गणली आहेत. तेव्हा कमरेचा पट्टा पोटावर न घेता पोटाखाली, मांड्यांलगत श्रोणीवर घट्ट बसला पाहिजे. स्थूल, आंत्रवृद्धीच्या व उदररोगाच्या रुग्णांत तर विशेषच. आसनावरील जाड, मऊ गादीमुळे शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते; ती काढावयास लावावी. वरचा पट्टा काखेखालून घेण्याची खोड फार घातक आहे, कारण मग सारा भार बरगड्यांवर व त्यांखालील यकृत-प्लीहेवर येतो.

पेसमेकर बहुधा डाव्या जत्रूखाली असतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसत असल्याने त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो व त्या जागी टेकत नाही. टोचतो तो शेजारच्या आसनावर बसल्यास. तेथे पातळ, मऊ आवरण पुरते. पट्टा सैल करणाऱ्या चिमट्यांचा उपयोग करू नये. आखडलेल्या उजव्या खांद्याच्या चालकाने हात मागे न नेता धड वळवून डाव्या हाताने पट्टा ओढावा. खांबावरील अडकण वरखाली होणारी असल्यास ती अशी लावावी की पट्टा मानेस घासणार नाही.

अस्थिक्षय झालेल्या वृद्धाची बरगडी पट्ट्याच्या दाबानेही मोडू शकते, हे नाकारता येत नाही. अपघातानंतर छातीवर वा पोटावर पट्ट्याच्या आकाराचा काळानिळा वण दिसल्यास केवळ लेप लावून रुग्णास घरी पाठवू नये. आतील रक्तस्रावाची लक्षणे काही तासांनीही प्रकट होतात. एक्स-रे व सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात त्यास तत्काळ पाठवावे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास तसे चिठ्ठीत ठळक लिहावे.