पायांचं वय, डोक्याचं वय

सायनाईड या फ्रेंच कंपनीचा ‘सायकलिंग मॅनेजर’ हा संगणकावरचा गेम 2001 मध्ये आला आणि पुढे ‘प्रो सायकलिंग मॅनेजर’ म्हणून नावारूपाला आला. यात आपण सायकल मारत नाही, संघ सांभाळतो: करार कुणाशी करायचा, शर्यतीला कुणाला धाडायचं, घाटात कुणी कुणासाठी राबायचं. इथला प्रत्येक गडी म्हणजे सपाटी, चढ, उतार, स्प्रिंट, दम, थकवा भरून काढण्याची ताकद असे वेगवेगळे आकडे. विशीत ते चढतात आणि तिशी उलटली की उतरणीला लागतात.

माणसाला एकाच आकड्यात न बसवणं, हे या गेमचं मला वाटणारं मोठेपण. शरीरातही तसंच असतं. झटक्याची ताकद देणारे स्नायूतंतू आधी झिजतात, म्हणून स्प्रिंटचा दणका लवकर कमी होतो. हृदयाचे कमाल ठोके वयागणिक घटतात आणि प्राणवायू वापरायची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी खाली येते. सराव टिकवला तर ही घसरण मंदावते. लांब पल्ल्याचा दम मात्र चिवट. 2013 मध्ये ख्रिस हॉर्नरने स्पेनची तीन आठवड्यांची व्हुएल्टा जिंकली, तेव्हा तो 41 वर्षांचा होता. मार्क कॅव्हेंडिशने 2024 मध्ये, 39व्या वर्षी, टूर द फ्रान्समधला विक्रमी 35वा टप्पा जिंकला, तोही स्प्रिंटमध्ये. शेवटच्या किलोमीटरला कुणाच्या चाकामागे राहायचं आणि बाहेर कधी पडायचं, हे त्याला नेमकं कळत होतं.

आपल्या पुणे जिल्ह्यात बारामतीहून सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाणारा रस्ता अशाच अनुभवी गड्यांचा. दोन्हीकडे ऊस, घाट नावाला नाही. मोकळ्या माळावर वारा आडवा आला की घोळक्याच्या आडोशाला राहणाऱ्याची बरीच शक्ती वाचते, आणि तो आडोसा शोधण्यात पस्तिशीचा गडी बाविशीच्या पोराला हरवू शकतो. दिवे घाटात मात्र तोच मागे पडेल. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीच्या निमित्ताने जिल्ह्याच्या रस्त्यांवर आंतरराष्ट्रीय संघ धावले, तेव्हापासून असा हिशेब इथल्या पोरांच्याही तोंडी यायला हवा.

दम म्हणजे काय, हे बारामती-इंदापूरच्या या रस्त्याला आधीपासून ठाऊक आहे. तुकोबांची पालखी इथूनच जाते. बेलवाडीच्या गोल रिंगणात पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, मग अश्व सुटतात. धावणाऱ्यांत साठी-सत्तरीचे कितीतरी, तेही देहूपासून चालत आलेले. त्यांना कुणी शंभर मीटर पळायला लावलं तर जमणार नाही. दुसऱ्या दिवशीचा मुक्काम मात्र ते गाठतातच.

लता भगवान करे यांनी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांची शर्यत जिंकली, ती साठी ओलांडल्यावर, नऊवारीत, अनवाणी. पतीच्या उपचाराला पैसे हवे होते. आयुष्यभराच्या शेतमजुरीने मुरलेला त्यांचा दम कुठल्याही प्रशिक्षकाच्या वहीत नोंदलेला नव्हता. गेममध्ये इतके आकडे असून गरजेसाठी एकही रकाना नाही, ही उणीव मला खरोखर डाचते.

या गेममध्ये स्वतःचा टप्पा आखण्याची सोय आहे. बारामती ते इंदापूर आखावा आणि संघ निवडताना पस्तिशीच्या एका गड्याशी वर्षभराचा करार करावा. स्प्रिंट त्याला देऊ नये. वारा फिरला की घोळका कुठे फुटणार, एवढं त्याच्यावर सोपवावं आणि तरुण स्प्रिंटरला शेवटच्या वळणापर्यंत त्याच्याच चाकामागे ठेवावं.